विचर 3 अर्ध्यावर कंटाळवाणा वाटतोय? आधी नकाशावरची प्रश्नचिन्हं झाका

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. बेळगावात इंजिनिअरिंगला आहे आणि सुट्टीत घरी लॅपटॉपवर 'द विचर 3: वाइल्ड हंट' खेळायला घेतलाय, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या गेराल्ट नावाच्या विचरचा व्हिडिओ गेम. व्हाइट ऑर्चर्ड संपलं, व्हेलेनमधलं बॅरनचं प्रकरण अर्धंअधिक उरकलं, आणि आता लेव्हल 11 ला नॉव्हिग्रॅडमध्ये येऊन पोचलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गोष्ट भारी आहे, पण तलवारबाजी जड वाटते. थैली कायम भरलेली असते. नकाशावरच्या प्रश्नचिन्हांमागं पळून जीव दमला. आणि नॉव्हिग्रॅडला आल्यापासून नुसती धावाधाव, गेराल्ट जिला शोधतोय त्या सिरीचा पत्ता नाही. 'दादा, पुढं सुधारतो का, की हा सोडून एल्डन रिंग घेऊ?'

माझा टिळकवाडीत छोटा गेमिंग कॅफे आहे आणि असले खेळ मी स्वतः कॉलेजपासून खेळतोय. कुठला खेळ पोरं कुठं सोडतात, हे मला रोज त्यांच्या मागं उभं राहून बघायला मिळतं. विचर 3 सोडायच्या दोन ठरलेल्या जागा आहेत: एक व्हेलेनची दलदल, दुसरी नॉव्हिग्रॅडच्या गल्ल्या. तू दुसऱ्या जागेवर उभा आहेस.

सोडू नको. पण आत्ता खेळतोयस तसाच पुढं खेळणार असलास तर खुशाल सोड, कारण त्या पद्धतीनं हा खेळ शेवटपर्यंत तुला असाच दमवणार.

तू लिहिलंयस की व्हेलेनमधली सगळी प्रश्नचिन्हं 'साफ' करूनच नॉव्हिग्रॅडला आलास. दुखणं इथंच आहे. गावातला नोटीस बोर्ड वाचला की नकाशावर प्रश्नचिन्हांचं पुरळ उठतं आणि हात शिवशिवतात, ते मला कळतं. पण त्यांच्यामागं काय निघालं ते आठवून बघ की. डाकूंचा तळ, राक्षसांचं बीळ, राखणदार बसवलेला खजिना, पाण्याखालची पेटी. पहिल्या दोनचार वेळा मजा येते. मग पेटी तीच, डाकू तोच, शिवीसुद्धा तीच. त्यातली एकच जात सोडायची नाही, ती म्हणजे 'प्लेस ऑफ पॉवर'. उभा कोरीव दगड दिसतो, त्यातून शक्ती घेतली की पहिल्या वेळी एक अ‍ॅबिलिटी पॉइंट, म्हणजे नवं स्किल घ्यायचा गुण, फुकट मिळतो. बाकीचं वाटेत आलं तर बघ, नाही आलं तर जाऊ दे. लेव्हल वाढवायलाही त्याचा फारसा उपयोग नाही. या खेळात एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, मिळतात ते मुख्यतः कामं (क्वेस्ट) पुरी करून, राक्षस कापून मिळतात ते किरकोळ.

डिसेंबर 2022 च्या मोठ्या अपडेटनंतर नकाशा मुळातच प्रश्नचिन्हं लपवून उघडतो. तुला दिसतायत म्हणजे तू फिल्टर बदलला असशील किंवा तुझ्याकडं जुनं व्हर्जन असेल. पहिलं असेल तर फिल्टर परत जागेवर आण. दुसरं असेल तर नकाशा कमी उघडायची सवय लाव. आणि हे स्केलिगेच्या बेटांवर पोचायच्या आत कर. तिथल्या समुद्रात तस्करांच्या तरंगत्या पिंपांची नुसती रांग लागलीय. होडी हाकत एकेका पिंपाकडं जायचं, वरून सायरन नावाच्या उडत्या राक्षसिणी झडप घालणार, आणि पिंपात निघणार काय, तर विकायचं भंगार. ही सवय घेऊन तिथं गेलास तर लॅपटॉप फेकून देशील.

मग खेळायचं काय? माणसांची कामं. व्हाइट ऑर्चर्डमध्ये एका झोपडीच्या बंद दारासमोर एक म्हातारी उभी असते, आठवते का? एका परक्या माणसाला तिनं तवा उसना दिलाय आणि तो काही परत मिळेना. गेराल्ट दार उघडून आत जातो तर माणूस मरून पडलाय, कागद जळालेत आणि तवा घासून लख्ख. त्यावरची काजळी खरवडून त्यानं शाई केली होती. कोण होता, काय लिहीत होता, कुणासाठी, हे तू राहिलेल्या खाणाखुणांवरून जुळवायचं. म्हातारीला त्याचं काही सोयरसुतक नाही. लढाईच्या दिवसांत घरातला एकुलता तवा परत आला, तिला तेवढ्याशी मतलब. दहा मिनिटांचं काम आणि बक्षीस नावापुरतं. पण सीडी प्रोजेक्ट रेड या पोलंडच्या स्टुडिओचं कसब बघायचं असेल तर ते या खोलीत बघ. प्रश्नचिन्हाआडच्या कुठल्या पेटीत हे सापडलं तुला?

बॅरनच्या प्रकरणाबद्दल तू एका ओळीत 'जबरदस्त' म्हणून मोकळा झालास. मला जास्त ऐकायला आवडलं असतं. ते पुरलेलं अर्भक, बॉचलिंग, समोर आलं तेव्हा काय केलंस? तिथं दोन वाटा आहेत. एक म्हणजे तलवार काढायची. ती घेतली असशील तर दुसऱ्या वाटेवर काय आहे ते सांगतो, कारण ते तुझ्या हातून सुटलंय. त्या वाटेवर बॅरन स्वतः त्या भयानक पोराला हातांवर घेतो आणि रात्रीच्या अंधारात वाड्याकडं चालायला लागतो. गेराल्ट सोबत. मध्येच ते चवताळतं, अ‍ॅक्सीची खूण (विचरची छोटी जादू) टाकून त्याला निजवावं लागतं, वाटेत भुतं आडवी येतात. मग घराच्या उंबऱ्याखाली त्याला पुरायचं आणि बापानं त्याला आपली मुलगी म्हणून नाव द्यायचं. दारूत बुडालेला, बायकोवर हात टाकणारा माणूस. त्याच्याबद्दल पाझर फुटतो आणि पाझर फुटला म्हणून आपलाच आपल्याला रागही येतो. खेळ त्यावर काही बोलत नाही. तुझं तू बघ म्हणून सोडून देतो.

आपल्याकडच्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुंजा पिंपळावर बसतो, हे आपण आजीकडून ऐकलेलं असतं. लग्नाच्या उंबरठ्यावर मेलेली आणि भरदुपारी शिवारात फिरणारी विचरमधली नूनरेथ त्याच घराण्यातली. खेळ बनवणाऱ्यांनी त्यांच्याकडच्या स्लाव्ह खेड्यांतली भुतंखेतं उचलली, आणि खेड्यातलं भूत जगात कुठंही गेलं तरी अर्धवट राहिलेल्या संस्कारावरच अडून बसतं, असं दिसतंय. व्हाइट ऑर्चर्डच्या विहिरीवरचं काम आठव. नुसतं मारून तिथली नूनरेथ जात नाही. विहिरीतला सांगाडा आणि बांगडी शोधून जाळावी लागते, तेव्हा ती सुटते. विचर हा निम्मा खाटीक, निम्मा देवऋषी. हे डोक्यात ठेवून खेळलास तर निम्म्या कामांचा नूर बदलतो.

आणि व्हेलेन म्हणजे दोन राज्यांच्या कात्रीत सापडलेला मुलूख. तिथल्या माणसाला राजा कोण याच्यापेक्षा यंदा धान्य कोण उचलून नेणार याची चिंता जास्त. आपण सीमाभागातले लोक, आपल्याला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडं 1956 ला सैन्यं आली नाहीत, बोर्ड बदलले, तेवढं नशीब.

आता तलवारबाजी. ही तक्रार निम्मी खरी आहे. गेराल्ट वळतो तो बैलगाडीच्या अंदाजानं, आणि 2015 साली खेळ आला तेव्हाही लोकांची हीच ओरड होती. दोन महिन्यांत कंपनीनं सेटिंगमध्ये हालचालीचा दुसरा पर्याय दिला, 'मूव्हमेंट रिस्पॉन्स' नावाचा. तो 'अल्टरनेटिव्ह'वर ठेव, फरक लगेच जाणवेल.

राहिलेली निम्मी तक्रार तुझ्या बोटांतली आहे. कॅफेत सगळे नवे खेळाडू एकच गोष्ट करतात: घाबरले की लोळण घेतात. लोळून लांब गेलास की वार करायला परत जवळ यावं लागतं, तोवर ड्राउनर, म्हणजे पाण्याकाठचा राक्षस, उडी मारून अंगावर. दुसरं बटण आहे ते छोट्या गिरकीचं. त्यानं तू जागच्या जागी बाजूला सरकतोस आणि राक्षसाची पाठ तुझ्यासमोर येते. गिरकी, दोन हलके वार, परत गिरकी. लोळण ठेवायची ग्रिफिनसारख्या धिप्पाड जनावरासाठी. गिरकीला स्टॅमिना लागत नाही, त्यामुळं काटकसर करू नको. स्टॅमिना राखायचा तो खुणांसाठी. लांडग्यांच्या टोळीत शिरायच्या आधी क्वेनचं कवच अंगावर घे, ड्राउनर घोळक्यानं आले तर इग्नीची आग टाक, भुतांसाठी जमिनीवर यर्डनचं रिंगण. रिंगणाच्या बाहेर नूनरेथला कापायला जाणं म्हणजे धुराला काठी मारणं.

आणखी दोन गोष्टी खेळ धड सांगत नाही. पहिली, स्किल नुसतं घेऊन चालत नाही, ते उजवीकडच्या खणात बसवावं लागतं. न बसवलेलं स्किल असून नसल्यासारखं. कॅफेत कुणी 'लेव्हल वाढली तरी जोर येईना' म्हणालं की मी आधी तो पडदा उघडायला सांगतो. बसवताना एका रंगाची स्किलं एकाच गटात ठेव आणि शेजारी त्याच रंगाचं म्युटेजेन (राक्षसांतून मिळणारा अर्क) लाव, जोर वाढतो. दुसरी, औषधं आणि बॉम्ब जपून ठेवायची गरज नाही. एकदा बनवलं की कायमचं. ध्यानाला बसलास आणि थैलीत कडक दारूची एक बाटली असली की सगळ्या कुप्या भरून निघतात. तू 'स्वॅलो' हे जखमा भरणारं औषध पुढच्या मोठ्या लढाईसाठी राखून ठेवतोय असं लिहिलंस. पी की, परत भरते.

डेथ मार्चवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, खेळत असशील तर माझ्या मते दोन पायऱ्या खाली ये. वरच्या दोन्ही पातळ्यांवर ध्यानानं जखमा भरत नाहीत, आणि मग तू गोष्टीसाठी आलेला माणूस भाकरी-कोंबडी चघळत चुलीपाशी बसून राहतोस.

थैलीची तक्रार मात्र शंभर टक्के खरी. तिथं मी खेळाची बाजू घेणार नाही. दर पेटीत तलवार, दर मुडद्याकडं तलवार, आणि त्यातल्या बऱ्याच तुझ्या हातातल्या तलवारीपेक्षा कुचकामी. वरून एखादी बरी निघाली तर तिला लेव्हल 14 पाहिजे आणि तू 11. जग इतक्या जिव्हाळ्यानं लिहायचं आणि त्यात माल असा गोणीनं ओतायचा, हे एकाच घरातलं काम वाटत नाही. शेवटपर्यंत हे असंच आहे, त्यामुळं सुधारायची वाट बघू नको. वाट काढ. तुझ्या लेव्हलला ग्रिफिन स्कूल या विचरांच्या घराण्याचं चिलखत आणि तलवारी बनवता येतात. त्यांचे आराखडे व्हेलेनमध्येच विखुरलेत, नकाशे विकत घेऊन शोधता येतात. तो संच मिळाला की रस्त्यावर सापडणाऱ्या मालाकडं बघायचं कारणच उरत नाही. पुढं नॉव्हिग्रॅडच्या आसपास कॅट स्कूलचा आहे. जे उचलशील ते मोड नाहीतर विक, आणि तलवार लोहाराला, चिलखत चिलखतवाल्याला विक. किरकोळ दुकानदार पडेल भावानं घेतो आणि त्याच्याकडची रोकडही लवकर संपते. घोड्याला मोठ्या पिशव्या घे. थैलीतलं कच्चं सामान आता वजनात धरत नाहीत, ते बिनधास्त राहू दे.

नॉव्हिग्रॅडबद्दल तुझं म्हणणं मला मान्य आहे, आणि नाहीही. गेराल्टचा कवी मित्र डॅन्डेलायन, त्याचा शोध लांबवलाय, यात वाद नाही. याला भेट, तो म्हणतो त्याला भेट, तो म्हणतो आधी माझं एक काम कर. एका ठिकाणी तर नाटक बसवायला लागतं. बॅरनच्या गोष्टीत दर वळणाला माणूस उलगडत जातो, इथं बराच वेळ नुसती दारं उघडत जातात. पण मला या भागात शहर आवडतं. चौकात पेटलेल्या चिता, चेटकिणी आणि परक्या वंशाच्या लोकांविरुद्ध भडकवणारे धर्माचे ठेकेदार, गटारात दडून बसलेली माणसं, आणि या सगळ्याला सरावून भाजी घेणारे लोक. मुख्य कामाची ओढ सोडून एकदोनदा नुसता फिर, घोडा न घेता. प्रिसिला खाणावळीत गाते त्या प्रसंगाला बटण दाबून पुढं पळू नको. कुणी तलवार काढत नाही, कुणी मरत नाही, आणि या खेळातल्या माझ्या सगळ्यात आवडत्या पाच मिनिटांत ती पाच मिनिटं आहेत. सिरी भेटायला अजून बराच अवकाश आहे, ते आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे दर वळणावर निराश होणार नाहीस.

तू बोलता बोलता लिहिलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: सबटायटल वाचेपर्यंत वाक्य निघून जातं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या पोरांकडून मी हे कायम ऐकतो, कन्नड माध्यमवाल्यांकडूनही. खेळात मराठी नाही, कन्नड नाही, हिंदीही नाही. आणि इथली इंग्रजी पुस्तकातली नव्हे. गावंढळ हेल, जुने शब्द, अर्धवट वाक्यं. गोष्टच या खेळाचा जीव, आणि तीच निसटत असेल तर बाकी खेळ कंटाळवाणा वाटणारच. सेटिंगमध्ये सबटायटलची अक्षरं मोठी करता येतात, ती कर. नव्या व्हर्जनमध्ये चित्रप्रसंग मध्येच थांबवता येतात. आणि कामांची नोंदवही वाच. ती डॅन्डेलायनच्या तोंडी लिहिलीय, बढाईखोर आणि मजेदार आहे, आणि काय झालं ते सोप्या वाक्यांत परत सांगते. इथल्या पोरांची एक युक्तीही चांगली आहे: दोघांनी मिळून खेळायचं, एकाच्या हातात कंट्रोलर, दुसऱ्यानं वाचून मराठीत सांगायचं. पर्याय कुठला निवडायचा यावरून जी भांडणं होतात ती ऐकण्यासारखी असतात.

लॅपटॉप तापतो म्हणालास. नव्या व्हर्जनमध्ये सुरुवातीला डायरेक्टएक्स 11 निवड, 12 नको. रे ट्रेसिंग (प्रकाशाचा इफेक्ट) आणि हेअरवर्क्स (केसांचा इफेक्ट) दोन्ही बंद. तरी अडखळला तर स्टीमवर जुनं 1.32 व्हर्जन निवडायची सोय आहे, जुन्या मशीनला तेच बरं. पावसात तुमच्याकडं लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि गेम रडायला लागतो. तेव्हा सेव्ह करून सरळ बंद कर.

एल्डन रिंगचं विचारलंस. लढाई त्याची विचरपेक्षा कितीतरी सरस आहे आणि नकाशावर कामांची यादी नाही, जे दिसेल तिकडं जायचं. पण तिथं गोष्ट तुझ्याकडं चालत येत नाही. वस्तूंवरची चार-चार ओळींची इंग्रजी वर्णनं वाचून तुकडे जुळवायचे. तुला बॅरन आवडला, म्हातारी आवडेल, आणि सबटायटल आत्ताच जड जातायत. तेव्हा तो नंतर घे. आणि यादी पुसत बसायची सवय तशीच राहिली तर कुठल्याही मोठ्या खेळात हेच होणार. 2014 च्या ड्रॅगन एज: इन्क्विझिशनमध्ये लोक हिंटरलँड्स या पहिल्याच प्रदेशात इतके रुतले की बनवणाऱ्यांनाच सांगावं लागलं, बाबांनो, तिथून निघा.

तर आत्ता करायचं ते असं. नॉव्हिग्रॅड चार दिवस बाजूला ठेव आणि व्हेलेनला परत जाऊन बॅरनचं प्रकरण तडीस ने. त्याचं शेवटचं काम लेव्हल 9 चं आहे. कामापेक्षा तू सहा लेव्हल वर गेलास की ते यादीत राखाडी होतं आणि एक्सपी जवळजवळ मिळत नाहीत, म्हणजे 15 च्या आत उरक. त्यात झाडातल्या आत्म्याचा एक निर्णय येईल. 'बरोबर उत्तर' नेटवर शोधू नको, तुला वाटेल ते कर आणि जे होईल ते सोस. तिकडं गेलाच आहेस तर ब्लॅकबो गावातल्या शिकाऱ्याची बायको हरवलीय, ते कामही घे. मग नॉव्हिग्रॅड. स्केलिगेचं काम लेव्हल 16 चं आहे आणि जहाजाच्या कप्तानाला हजार क्राउन मोजावे लागतात, तेवढे गाठीला राहू देत. ग्रिफिनच्या चिलखतावर सगळे उडवून बसू नको. ग्वेंटचे पत्ते आवडत नसतील तर सोडून दे, फार काही अडत नाही. आणि पुढं कधीतरी आइल ऑफ मिस्ट्स या बेटाला निघताना खेळ स्वतःहून सांगेल की राहिलेली काही कामं इथून पुढं बंद होतील. तो इशारा नुसता दाबून टाकू नको. तिथं वेगळा सेव्ह कर, यादी बघ, आणि ज्यांची कामं राहिलीत त्यांना आधी भेटून ये.